केस घरी कापावेत की दुकानात? सगळ्या घराला एकच नियम नको, एकेक डोकं पाहून ठरवा

आमच्या घरात पाच डोकी आहेत. सासरे, नवरा, मी, मुलगी आणि धाकटा मुलगा. २०२० च्या टाळेबंदीत सलून बंद झाले तेव्हा गोव्यात आमच्या फोंड्यातल्या कितीतरी घरांत कात्री निघाली, तशी आमच्याकडेही निघाली. नंतर दुकानं उघडली आणि बहुतेकांच्या कात्र्या परत खणात गेल्या. आमची अजून बाहेर आहे, पण ती पाचांपैकी सगळ्यांवर चालत नाही. त्यामुळे कुणी "घरी कापलेलं बरं का गो?" असं विचारलं की मी आधी उलट विचारते, कुणाचे केस?

पैशांचा हिशेब आधी सांगते, कारण बहुतेकजण तिथूनच सुरुवात करतात. पुरुषांचे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी कापावेच लागतात. गावातल्या दुकानात एका वेळेला शे-दीडशे रुपये धरले तरी दोन पुरुषांचे आणि एका मुलाचे मिळून वर्षाला साडेतीन-चार हजार होतात. केस कापायचं बरं मशीन दोन हजारांच्या आतबाहेर येतं, केस कापायची खरी कात्री त्याहून बरीच स्वस्त. म्हणजे घरात तीन पुरुष असतील तर वर्षाच्या आत पैसे वसूल. घरात एकच पुरुष आणि बाकी सगळ्या लांब केसांच्या बायका असतील तर मात्र मशीन घेण्यात अर्थ नाही, दुकानच परवडतं. केवळ पैशांसाठी ठरवायचं असेल तर एवढं गणित पुरे. माझ्या मते मात्र पैसा ही यातली सगळ्यांत छोटी गोष्ट आहे.

सासऱ्यांचं उदाहरण घ्या. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून दुकानातली ती उंच खुर्ची त्यांना जमेना. पूर्वी आमच्याकडे म्हालो, म्हणजे न्हावी, घरी यायचा, पडवीत पाट मांडून आजोबांचे केस कापायचा, जाताना नारळ आणि तांदूळ घेऊन जायचा, असं सासरे सांगतात. आता घरी येणारे फार कमी राहिले. आम्ही त्यांना दोनदा गाडीत घालून दुकानात नेलं. दोन्ही वेळा ते घामाघूम झाले आणि दोन दिवस गप्प बसून राहिले. तिसऱ्या वेळी मीच विचारलं, "बाबा, मी कापू का?" त्यांनी नुसती मान हलवली.

पडवीत, त्यांच्या नेहमीच्या आरामखुर्चीला पाठीमागे उशी लावून, गळ्याभोवती जुनी लुंगी गुंडाळून मी सुरुवात केली. बाहेर पाऊस लागला होता. म्हाताऱ्या माणसाचे कान मऊ आणि गार असतात, डाव्या हाताच्या बोटाने ते अलगद पुढे मुडपले की मागची कातडी कागदासारखी पातळ दिसते. तिथे उघडं पातं लावायचंच नाही. सासऱ्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, अशा माणसाला एवढीशी खरचट झाली तरी रक्त लवकर थांबत नाही. म्हणून मशीनच्या पात्यावर प्लॅस्टिकचा कंगवा बसतो तो, म्हणजे गार्ड, लावूनच सगळं डोकं, मान आणि कानामागचा भाग करायचा. थोडे केस राहिले तर राहू द्यावेत. पंचवीस मिनिटांत झालं. मध्येच त्यांचा डोळा लागला. घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा बाहेर नेता न येणारं माणूस असेल तर मी क्षणभरही विचार न करता सांगेन, घरी शिका. घरी येणारा कारागीर मिळत असेल तर त्याला बोलवा, तेही तितकंच चांगलं.

नवऱ्याचं डोकं घरगुती शिकण्यासाठी सर्वांत सोपं, कारण त्यांना मीडियम कटच लागतो, बाजू बारीक आणि वर थोडे जास्त. १ नंबरचा गार्ड ३ मिलिमीटर केस ठेवतो, २ नंबरचा ६, ३ नंबरचा साधारण १० आणि ४ नंबरचा १३. नवशिक्याने नेहमी मोठ्या नंबरापासून सुरुवात करावी. ४ ने आधी सगळीकडून फिरवा, आरशात बघा, मग बाजूंना ३ लावा. कापलेले केस परत चिकटवता येत नाहीत. केस कोरडे हवेत, मशीन वाढीच्या उलट दिशेने चालवायचं आणि डोक्यावरच्या भोवऱ्यापाशी दिशा बदलत जायची, नाहीतर तिथे चट्टे दिसतात. दाढीचं ट्रिमर यासाठी वापरू नका, त्याचं अरुंद पातं दाट केसांत अडकतं आणि केस ओढले जातात.

आणि गार्ड नीट बसला आहे का, ते प्रत्येक वेळी बोटाने दाबून बघा. हे मी मुलाच्या डोक्यावर शिकले. तो पाच वर्षांचा होता, त्याने मान झटकली, मशीन हातात हललं आणि गार्ड टक्कन उडाला. उजव्या कानाच्या वर रुपयाएवढा पांढरा चट्टा पडला. त्याने हात लावून बघितला आणि रडू लागला. मला त्याहून जास्त वाईट वाटलं. संध्याकाळी गावातल्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या भाऊंनी काही न बोलता सगळं डोकं त्या चट्ट्याच्या मापाला आणलं आणि मला म्हणाले, "वहिनी, लहान मुलाचं डोकं एका हातानं धरायचं, मशीन दुसऱ्या हातानं. दोन्ही हात मशीनवर नकोत." केस नीट दिसायला दीड महिना गेला. पण त्यांनी शिकवलेलं ते वाक्य अजून उपयोगी पडतं.

तरी मुलाचे केस आता परत दुकानातच होतात. त्याला फेड हवा असतो, खाली कातडीपासून वर हळूहळू दाट होत जाणारा. ते काम गार्ड बदलत, पात्याची कड किंचित उचलत करावं लागतं, त्यासाठी रोज डोकी करणारा हातच हवा. शिवाय दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या केसांबद्दल स्वतःचं मत असतं आणि ते आईपेक्षा दुकानात जास्त मोकळेपणाने सांगता येतं. हेही महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

मुलीच्या लांब केसांना मशीन नको, कात्री हवी. शाळेच्या दोन वेण्या घालणाऱ्या मुलीचे टोकाचे दोन-तीन सेंटिमीटर कापायला पार्लरमध्ये जायची काहीच गरज नाही. केस ओले करून विंचरा, मुलीला ताठ उभी करा, दोन्ही खांदे सरळ, आणि मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना या. कात्री मात्र स्वयंपाकघरातली किंवा शिवणाची नको. बोथट पात्यात केस कापला न जाता दुमडतो आणि टोकं लवकर फाटतात. ओला टिश्यू कागद कापून बघा. न ओढता स्वच्छ कापला तर कात्री चांगली.

माझे केस कुरळे आहेत आणि ते मी स्वतः कापत नाही. ओला कुरळा केस ताणलेला असतो, वाळला की आक्रसतो. ओला असताना खांद्यापर्यंत कापला तर वाळल्यावर हनुवटीला येतो. त्यातच आपल्याकडच्या दमट हवेत तो आणखी फुलतो. त्यामुळे कुरळे केस कोरडे असताना आणि समोरून बघणाऱ्यानेच कापावेत. स्वतःच्या मानेमागचे केस दोन आरशांत बघून कापणारे आहेत, पण आरशात हात उलटा चालतो, तिथे मी पडत नाही. कपाळावरची बट थोडी कमी करायची असेल तर घरी चालतं, कोरडी असताना, कात्री उभी धरून टोकाटोकाने, भुवईच्या खाली ठेवून. रंग आणि केस सरळ करणं हे तर घरी करूच नका.

स्वच्छतेत घर सरळ पुढे आहे. दुकानात वस्तरा असेल तर नवं पातं डोळ्यांसमोर लावायला सांगायचं, संकोच करायचा नाही. कावीळ ब आणि क रक्तातून पसरते. मशीन आणि कंगव्यातून गजकर्ण पसरू शकतं. घरी मशीन एकाच घराचं, पण घरात कुणाला गजकर्ण झालं असेल तर ते बरं होईपर्यंत त्याच्यासाठी मशीन वापरू नका.

गोव्यातल्या घराला दोन गोष्टींचं पथ्य मात्र पाळावंच लागतं. पहिलं खोबरेल. तेल लावलेल्या केसांवर मशीन चालवलं तर पात्यात तेल आणि केसांचा लगदा होतो आणि पातं तापतं. आदल्या दिवशी न्हाऊन केस पूर्ण कोरडे करा. मध्येमध्ये पातं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा, चटका बसला तर थांबा. दुसरं गंज. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात लोखंड उघडं ठेवायचं म्हणजे पाण्यात ठेवण्यासारखंच. माझी पहिली कात्री एका पावसाळ्यात लाल झाली. आता काम झालं की पात्यावरचे केस ब्रशने झाडते, मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीबरोबर ठेवते. मशीन बॅटरीवर चालणारं घ्या. पावसात वीज गेली आणि अर्धं डोकं राहिलं तर वायरीचं मशीन काही कामाचं नाही. कापलेले केस मी माडाच्या आळ्यात टाकते. त्यांत नत्र भरपूर असतं, फक्त कुजायला वेळ लागतो.

शिकायचं ठरवलं असेल तर पहिला प्रयोग चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात करू नका. श्रावणात केस न कापणारे सगळे तेव्हाच दुकानात येतात आणि घरी काही बिघडलं तर सुधारून द्यायला कुणालाच वेळ नसतो. पावसाळ्याच्या आधी, एखाद्या साध्या रविवारी, घरातल्या सर्वांत शांत माणसाच्या डोक्यावर ४ नंबरचा गार्ड लावून सुरुवात करा.