गंगावेशीचा दूध कट्टा: आपल्याच शहरात उशिरा सापडलेली चव

बाहेरगावचे पाहुणे कोल्हापुरात आले की त्यांना कुठे न्यायचे, याचा आमच्या घरात वर्षानुवर्षे एक ठरलेला क्रम होता. सकाळी अंबाबाईचे दर्शन, मग मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर भेळ. मागच्या हिवाळ्यात नागपूरहून आलेल्या माझ्या मावसबहिणीने हा सगळा क्रम शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "ताई, ते म्हशी रस्त्यावर आणून समोर धार काढून देतात म्हणे, ते कुठे?" माझे सारे आयुष्य या शहरात गेले असूनही त्या ठिकाणी मी शेवटचे गेले होते ते आठ-नऊ वर्षांची असताना, आजोबांचे बोट धरून. त्याच संध्याकाळी आम्ही दोघी गंगावेशीत गेलो. त्यानंतर उन्हाळ्यात, पावसाळ्यात, गर्दीच्या आणि निवांत वेळी मिळून मी दहा-बारा वेळा तरी तिथे जाऊन आले आहे, आणि पुढचा अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे.

गंगावेश म्हणजे जुन्या तटबंदीच्या काळातील शहराची एक वेस. आता वेस नाही, नाव तेवढे उरले आहे. महाद्वार रोडवरून पापाची तिकटी ओलांडून चालत गेले, तर देवळापासून दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोहोचता येते. संध्याकाळी गवळी आपापल्या म्हशी घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या करतात; हाच दूध कट्टा. दुकान म्हणावे असे तिथे फारसे काही दिसत नाही. म्हैस, तिच्यासमोर आंबोणाची, म्हणजे भिजवलेल्या खुराकाची पाटी, पाण्याची बादली, काही स्टीलची भांडी आणि शेजारी उभे राहून वाट पाहणारे गिऱ्हाईक, एवढाच सारा पसारा. आपण मागणी केल्यावर गवळी सड पाण्याने धुतो, कासेवरून दोन-तीनदा हात फिरवतो, म्हैस पान्हावते, आणि मग भांड्यात धारेचा जो आवाज सुरू होतो तो आधी पातळ, पत्र्यावर पडल्यासारखा असतो आणि दूध साठत जाईल तसतसा जाड होत जातो. त्या आवाजावरून भांडे किती भरले हे नेहमीच्या गिऱ्हाइकांना न पाहता कळते. भांड्यातले दूध लगेच ग्लासात येते, आणि ग्लासाचा वरचा तिसरा हिस्सा निव्वळ फेसाचा असतो.

पहिल्या दिवशी गवळीकाकांनी आमच्याकडे पाहून "पावणं बाहेरचं दिसत्यात," असे म्हटले आणि फेस खाली बसल्यावर मावसबहिणीच्या ग्लासात न मागता आणखी एक धार सोडली. हे सौजन्य मी नंतरही अनेकदा पाहिले आहे. फेसाने भरलेला ग्लास हा पूर्ण माप नव्हे, याची जाणीव विकणाऱ्याला असणे ही मला या व्यवहारातील सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

चवीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण ज्यांनी फक्त पिशवीचे दूध प्यायले आहे त्यांना हे दूध पहिल्या घोटाला ओळखू येत नाही. धारोष्ण, म्हणजे नुकतीच धार काढलेले दूध गरम नसते, ते म्हशीच्या अंगाइतके कोमट असते. तापवलेल्या दुधाला जो एक शिजल्याचा वास येतो तो त्यात मुळीच नसतो. साखर न घालताही ते गोड लागते, आणि त्या गोडीच्या मागे ओल्या वैरणीची एक अगदी पुसट चव राहते, जी पावसाळ्यात हिरवा चारा भरपूर असताना मला अधिक जाणवली. टोन्ड दुधात स्निग्धांश तीन टक्के असतो आणि फुल क्रीममध्ये सहा टक्के. म्हशीच्या निर्भेळ दुधात तो साधारण सहा ते आठ टक्के असतो. त्यामुळे एक ग्लास प्यायल्यावर रात्रीचे जेवण उशिरा करावे लागते. रंगही गाईच्या दुधासारखा पिवळसर नसून शुभ्र असतो, कारण म्हैस चाऱ्यातील कॅरोटीनचे जीवनसत्त्व 'अ' मध्ये रूपांतर करते आणि तो पिवळा रंग दुधात उतरत नाही.

म्हशी गावात आणून मागणीप्रमाणे धार काढणे कोणत्याही जनावराच्या बाबतीत जमणारे नाही, हे मला या वर्षातच कळले. कट्ट्यावर ज्यांच्याकडे आपली नजर आपोआप वळते त्या म्हशी पंढरपुरी जातीच्या. त्यांची शिंगे तलवारीसारखी लांब, मागे वळून खांद्यापर्यंत आणि काहींची त्याही पलीकडे जाणारी असतात. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत ही जात प्रामुख्याने आढळते. बहुतेक म्हशी अनोळखी जागी, गोंगाटात, परक्या माणसांच्या घोळक्यात पान्हा चोरतात. पंढरपुरी म्हैस मात्र दिवसातून अनेकदा थोडे थोडे दूध देऊ शकते, आणि शेजारून रिक्षा हॉर्न वाजवत गेली तरी शांत उभी राहते. म्हणजे ही परंपरा गवळ्यांच्या कौशल्याइतकीच या जनावराच्या स्वभावावरही उभी आहे. दिवाळीच्या पाडव्याच्या सुमारास शहरातील गवळी समाज याच म्हशींना सजवून, शिंगे रंगवून मिरवतो आणि पळवतो, तेव्हा त्या जनावरांवर घरातल्या माणसांइतका जीव आहे हे स्पष्ट दिसते.

या शहरात दुधाला एवढा मान का, याचे उत्तर तालमींत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, युरोपच्या प्रवासात रोमचे जुने क्रीडागार पाहून आल्यानंतर खासबाग मैदानाची कल्पना मनात धरली, आणि 1912 मध्ये ते मैदान उभे राहिले. 1959 मध्ये पहिले हिंद केसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे याच शहरातील मातीत घडले. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदाम घालून घोटलेली थंडाई, आणि गंगावेशीत तर नावाजलेली तालीम कट्ट्याच्या परिसरातच आहे. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे ज्याला सारे 'गोकुळ' या नावाने ओळखतात तो, 1963 मध्ये स्थापन झाला आणि घरोघरी पिशवी पोहोचली, तरीही कट्टा बंद पडला नाही. संध्याकाळी कामावरून परतताना उभ्या उभ्या एक ग्लास पिऊन जाणारे गवंडी, रिक्षाचालक, व्यायाम करून आलेली मुले आणि नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, असे सगळे मी एकाच ओळीत पाहिले आहेत.

आता जे सांगणे आवश्यक आहे ते. हे दूध कच्चे आहे. पाश्चरीकरणात दूध 72 अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद ठेवले जाते, आणि त्याने जे जंतू मरतात ते इथे मरत नाहीत. जनावर निरोगी नसेल तर ब्रुसेलोसिससारखे आजार कच्च्या दुधातून माणसाला होऊ शकतात. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजारातून उठलेली माणसे यांनी ते तिथे न पिता भांड्यात घेऊन घरी नेऊन उकळूनच प्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या सूनबाईंना दिवस गेलेले असताना मी तेच केले. स्वच्छतेबाबतही डोळे उघडे ठेवावेत. शहरातील दुसऱ्या एका कट्ट्यावर मी एकाच बादलीतील पाण्यात संध्याकाळभर ग्लास बुचकळलेले पाहिले आणि न पिता परत फिरले. तेव्हापासून मी घरचा स्टीलचा पेला पिशवीत ठेवते, आणि पेला पुढे केल्यावर आजवर एकाही गवळ्याने नाराजी दाखवलेली नाही. शेण, चिखल आणि वाहनांची दाटी यांची तयारी ठेवूनच जावे. पावसात तर बसायला जागाच नसते.

या भेटींनी माझ्या पाहुण्यांच्या जुन्या क्रमाकडेही मला नव्याने पाहायला लावले. कोल्हापूर म्हटले की लोकांना फक्त तिखट आठवते, आणि महामार्गावरील एका हॉटेलात मी 'कोल्हापुरी' या नावाखाली जी लालभडक भाजी खाल्ली, तिच्यात तिखटपूड आणि रंग यांखेरीज काही नव्हते. आमच्याकडे ज्याला नुसते 'चटणी' म्हणतात तो कांदा-लसूण मसाला उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवतात. मिरचीबरोबर त्यात भाजलेला कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, खसखस, धणे आणि खडा मसाला असतो, आणि मिरची कांडपातून येताना त्याचा वास सगळ्या गल्लीला कळतो. उद्यमनगरातील फडतरे यांच्या मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा चाखताना हा फरक सहज समजतो: आधी खोबऱ्या-लसणाची चव जिभेवर येते आणि तिखट मागाहून, घशाशी पोहोचते. सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस असतात, ते कटात बुडवून खाण्यासाठीच. सकाळी लवकर जावे, उशीर झाला तर रांग मोठी असते.

पांढऱ्या रश्श्याबद्दलही तेच म्हणता येईल. मटण शिजवताना निघालेल्या अळणीत नारळाचे दूध, काजू, तीळ-खसखस आणि खडा मसाला घालून केलेला हा रस्सा वाटीने प्यायचा असतो. तो सौम्य, दुधाळ आणि अंगात ऊब आणणारा आहे. तांबड्याच्या शेजारी तो मांडणारे शहर तिखटाइतकेच सौम्य चवीचेही जाणकार आहे, हे मला दूध कट्ट्यावर उभे असताना प्रथम नीट उमगले. घरगुती खानावळीत ताट मागवावे, आणि पांढरा आधी प्यावा. तांबड्यानंतर त्याची चव कळत नाही. खासबागेजवळच्या खाऊगल्लीतील राजाभाऊंची भेळ आणि उन्हाळ्यातले दूध कोल्ड्रिंक यांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु त्या चवी बहुतेकांना आधीच ठाऊक आहेत.

कट्ट्यावर जायचे असेल तर सूर्यास्ताच्या आसपास जावे, मिसळ किंवा रस्सा खाल्ल्यावर किमान चार-पाच तासांनी. गाडी रंकाळ्याच्या बाजूला लावून चालत यावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने अर्धाच ग्लास मागावा आणि मापाचा भाव आधी विचारावा. म्हशीच्या मागच्या बाजूने जाऊ नये, मुलांना शिंगांपासून दूर उभे करावे, आणि फोटो काढायचा असल्यास गवळ्याला विचारूनच काढावा, कारण धार सुरू असताना प्रकाशझोत पडला तर जनावर बिचकते. मावसबहीण पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे. या वेळी तिने दर्शनाची वेळ मला ठरवायला सांगितली आहे. संध्याकाळ मात्र तिने स्वतःच राखून ठेवली आहे, आणि नागपूरहून येताना आपला पेलाही बरोबर आणणार असल्याचे कळवले आहे.