पारसनिसांची दोन पुस्तकं: आठ महिने सॅकमध्ये वागवून

मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची 'महाबळेश्वर' (१९१६) आणि 'पूना इन बायगॉन डेज' (१९२१) ही दोन इंग्रजी पुस्तकं जूनमध्ये मागवली. पुण्याच्या पेठांत असो की वाईच्या वर, फिरताना दोन्ही सोबत असतात.

आधी रडगाणं. पुनर्मुद्रण म्हणजे निव्वळ स्कॅनची झेरॉक्स. चित्रांच्या जागी काळे ठोकळे, एका पानावर चक्क स्कॅन करणाऱ्याचा अंगठा! तक्रार केली, प्रत बदलून मिळाली, अंगठा तिथेच. चित्रांसाठी शेवटी ग्रंथालयातली जुनी प्रत गाठली.

मजकूर मात्र कामाचा. 'महाबळेश्वर' वाचून गेलं की पॉइंटवर नुसती दरी बघून परतवत नाही. लॉडविक पॉइंट आधी सिडनी पॉइंट होता. १८२४ साली डोंगर चढून आलेल्या साहेबाचं नाव त्याला नंतर चिकटलं. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा इंग्रजांना दिली, बदल्यात खंडाळा घेतलं. मी कितीतरी दिवस लोणावळ्याजवळचं खंडाळा धरून चाललो होतो! हे वाईकडचं. आणि याच महाराजांना कंपनीने दहा वर्षांत गादीवरून उतरवून काशीला धाडलं. ती सल या पुस्तकात शोधू नका. पारसनीस रावबहादूर, साहेबांबद्दलचा सूर अदबीचाच. तेवढं मीठ वरून घालून वाचावं लागतं.

दुसरी खोड जास्त छळते. गोष्ट रंगवून सांगतात, पण ती कोणत्या कागदावरून, हे पुष्कळदा गुलदस्त्यातच. बरं, कागदांचा तोटा म्हणावा तर नाना फडणवीसांचं मेणवलीचं दप्तर याच माणसाच्या हाती आलेलं. नोव्हेंबरात वाईजवळच्या मेणवलीला, नानांच्या वाड्यावर गेलो. घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर १७०७ साल. कृष्णेचं पाणी पायऱ्यांना लागलेलं. तिथे बसून पुस्तक उघडलं आणि या वाड्यातून कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) साताऱ्याला पारसनिसांकडे कसे गेले असतील, याचाच विचार करत बसलो. वाचन झालं दोन पानं. पारसनिसांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.

किंकेडसाहेबाबरोबर त्यांनी लिहिलेला तीन खंडांचा मराठ्यांचा इतिहास पहिल्या खंडावरच अडलाय. ऐटबाज आहे, पण सॅकेत मावत नाही.

आता त्यांचं मराठीतलं, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामींचं चरित्र जुन्या बाजारात मिळालंय. पानं सुटी झालीत, म्हणून आधी बाइंडिंगला टाकलंय. ते आलं की स्वामींच्या धावडशीला, साताऱ्याजवळ.