पार्किंगमधल्या गाडीसाठी पिनवाले एलन बोल्ट: वापरानंतरचं माझं मत

डिस्क लॉक, साखळी, हँडल लॉक या सगळ्यांनी अख्खी गाडी वाचते, पण तिचे सुटे पार्ट वाचत नाहीत. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या बोळात गाड्या रात्रभर उघड्यावर असतात, कारण जुन्या वाड्यांना पार्किंग नाही. भुरटे चोर अख्खी गाडी नेत नाहीत, पण सकाळी आरसा गेलेला असतो, नाहीतर साइड पॅनेल. शेजारच्या काकांच्या गाडीची बॅटरी अशीच गेली. पॅनेल काढून भिंतीला नीट टेकवून ठेवलं होतं. ते बघून मी माझ्या दीडशे सीसीच्या गाडीला पिनवाले बोल्ट बसवले.

बोल्ट साध्या एलन बोल्टसारखाच दिसतो, फक्त षटकोनी खाचेच्या मधोमध एक बारीक पिन उभी असते. त्यामुळे नेहमीची एलन की आत जात नाही. टोकाला भोक असलेली खास की लागते. सातपूरला नट-बोल्टच्या दुकानात सुटे मिळाले, स्टेनलेसचे, एम-सहा (म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे), गोल बटण हेडचे. साध्या बोल्टपेक्षा चांगलेच महाग आहेत, पण चार-सहाच लागतात, आणि नव्या बॅटरीपुढे हा खर्च काहीच नाही.

गोल हेडचेच घ्या. बाहेर आलेलं उंच हेड व्हाइस ग्रिपने धरून सहज फिरवता येतं. बटण हेडवर पक्कड घसरते, आणि बोल्ट पॅनेलच्या खोलगट जागेत बसला तर पकडायला काहीच उरत नाही. माझ्या बॅटरीच्या बाजूचं पॅनेल असंच आत दबलेलं आहे, तिथे हा बोल्ट शंभर टक्के कामाचा आहे.

फॉग लाइटची गोष्ट वेगळी. तिथे बोल्ट आरपार जातो आणि मागे नट असतो. पुढे कितीही भारी बोल्ट लावा, चोर मागून दहा नंबरचा पाना लावून नटच फिरवणार. विकणारे हे सांगत नाहीत. मी अंबडला टूलरूममध्ये कामाला आहे, म्हणून ब्रॅकेटच्या जाड पट्टीतच आटे पाडून घेतले आणि नट काढूनच टाकला. कुठल्याही लेथवाल्याकडे हे काम होतं. आरशाला मात्र हे बोल्ट चालत नाहीत, कारण आरशाची दांडी स्वतःच आट्यांवर फिरते. तिथे लॉक नटखाली निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे घट्ट धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब टाकलाय. पाना लावला तर नट सुटेल, पण सहजासहजी नाही. लाल थ्रेडलॉकर घेऊ नका, तो सोडवायला नट चांगला तापवावा लागतो. आणि कुठलाही थ्रेडलॉकर प्लास्टिकच्या पॅनेलला लागू देऊ नका, प्लास्टिकला तडे जातात.

आता एक गोष्ट जीव तोडून सांगतो. हे बोल्ट ब्रेक कॅलिपरला, हँडलच्या क्लॅम्पला किंवा फूटरेस्टला लावू नका. तिथे कंपनी साधारण ८.८ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा) किंवा त्याहून मजबूत बोल्ट देते. बाजारात मिळणारं स्टेनलेस बहुतेक ए-टू सत्तर ग्रेडचं असतं, म्हणजे ताकद कमी, त्यात बटण हेड आणखी नाजूक. कॅलिपरचा बोल्ट तुटला तर माणूस जातो. हे बोल्ट कव्हर, पॅनेल आणि ब्रॅकेटपुरतेच.

हे बोल्ट बसवण्याआधी मी अलार्मवालं डिस्क लॉक वापरत होतो. मांजर उडी मारून सीटवर बसलं तरी ते किंचाळायचं, बोळातली म्हातारी माणसं दचकून उठायची. शिवाय पुढच्या चाकातला तो अलार्म मागची बॅटरी कशी वाचवणार? अख्खी गाडी हलवणाऱ्या चोराला अडवायला तो चांगला आहे, पार्ट वाचवायला नाही.

विम्यावर विसंबून राहू नका. दुचाकीच्या नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत अ‍ॅक्सेसरीजची चोरी तेव्हाच धरली जाते जेव्हा गाडीही सोबत चोरीला जाते. नुसता फॉग लाइट गेला तर खिशातूनच भरायचं. आमच्या बोळात बहुतेकांना हे माहीतच नव्हतं.

बोल्टमध्ये त्रुटी आहेत. पिनवाली की ऑनलाइन बिट सेटमध्ये सहज मिळते, म्हणजे ठरवून आलेला चोर अडणार नाही. पण बोळात येणारा पाना, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो, दोन मिनिटांत काम झालं नाही तर पुढच्या गाडीकडे वळतो. दुसरं, बोल्ट अंगातला जोर लावून आवळू नका, पिनसाठीच्या भोकामुळे कीचं टोक कमजोर असतं, तुटतं. तिसरं, सर्व्हिसिंगला की सोबत न्यावी लागते. आमचा मेकॅनिक पहिल्यांदा वैतागला होता, आता गाडी लावताच आधी की मागतो.

एकदाच बसणारे, परत न उघडणारे स्क्रूही दुकानदार दाखवतो. नव्या नंबर प्लेटच्या स्नॅप लॉकला ती पद्धत ठीक आहे. बॅटरीच्या पॅनेलला नाही, कारण बॅटरी तपासायला ते उघडावंच लागतं.

कीच्या दोन जोड्या घ्या. एक घरी, दुसरी ऑफिसच्या बॅगेत. गाडीच्या टूल किटमध्ये ठेवू नका, चोर आधी तेच उघडतो.