मोकळ्या जमिनीसाठी गावाने पैसे घालावेत का? तीन वाटा, शेजारी शेजारी

गावाला लागून असलेली मोठी जमीन विकायला निघाली की गावापुढे तीन वाटा असतात. सगळी जमीन विकत घेणं ही पहिली. दुसरीत जमीन शेतकऱ्याकडेच राहते आणि तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा गाव विकत घेतं. तिसरीत गाव पैसे घालत नाही, जमीन ज्याची बोली मोठी त्याच्याकडे जाते. मतदाराला मात्र बहुतेक वेळा यातली एकच वाट दाखवून ‘हो की नाही’ विचारलं जातं. माझा कल आधीच सांगते: पैसे जरूर घालावेत, पण फिरण्याची जमीन आणि पिकवण्याची जमीन एकाच पद्धतीने घेऊ नये.

पूर्ण खरेदी

लोकांना चालायला, खेळायला, झाडाखाली बसायला जागा हवी असेल, तर याला तोड नाही. मालकी गावाची, म्हणून प्रवेशही सगळ्यांना. 1915 मध्ये, महायुद्ध चालू असताना, बर्लिन आणि आसपासच्या गावांच्या संघाने प्रशियाच्या सरकारकडून सुमारे 10,000 हेक्टर जंगल 5 कोटी मार्कांना घेतलं. बर्लिनकर आजही त्या जंगलांत फिरतात. अमेरिकेतल्या बोल्डर शहराने 1967 मध्ये मतदान घेऊन मोकळ्या जमिनीसाठी स्वतःवर विक्रीकर बसवून घेतला. आज शहराच्या ताब्यात 45,000 एकरांहून अधिक जमीन आहे आणि तिचा काही भाग शेतीसाठी खंडाने दिलेला आहे.

पण खरेदीखतावर सही झाली की खर्च संपत नाही. पायवाटा, कुंपण, पडलेली झाडं, तण, गाड्या लावायची जागा हे सगळं दरवर्षीचं. जमीन गावाच्या नावावर गेल्याने तिचा मालमत्ता करही सहसा बंद होतो. खरेदीसाठी कर्ज काढणं मला रास्त वाटतं, कारण कर्ज फिटल्यावरही जमीन पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडते. देखभालीसाठी मात्र कर्ज काढू नये, तिला दरवर्षीच्या अंदाजपत्रकातच जागा हवी.

शेतीच्या दृष्टीने खरी अडचण खंडाच्या मुदतीत आहे. दोन वर्षांच्या करारावर कोणता शेतकरी शेणखत घालील, फळझाडं लावील, पाण्याची सोय करील? मातीत घातलेलं परत मिळायला वर्षं लागतात. शिवाय मालक नगरपालिका असली की शेतातला प्रत्येक वाद सभेत येतो. बोल्डरमध्ये बागायती जमिनीत बिळं करणाऱ्या प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्याचं काय करायचं, यावर शेतकरी आणि प्राणीप्रेमी वर्षानुवर्षं भांडले आहेत.

फक्त बांधकामाचा हक्क

न्यू यॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने 1974 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा ही योजना आणली. हिशेब सोपा आहे. बिल्डर जमिनीला 100 देतो आणि निव्वळ शेतजमीन म्हणून तिची किंमत 40 आहे असं धरा. मधले 60 गाव शेतकऱ्याला देतं, आणि या जमिनीवर घरं उठणार नाहीत अशी कायमची अट तिच्या कागदपत्रांत नोंदवली जाते. जमीन त्याचीच राहते, तोच कसतो, तोच कर भरतो. उद्या त्याने विकली तरी नव्या शेतकऱ्याला ती 40 च्या आसपास मिळू शकते. जमिनीच्या भावामुळे ज्यांना शेतीत पाऊल ठेवता येत नाही, त्या तरुणांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

दोन फटी आहेत. पहिली, लोकांना आत जायचा हक्क यात आपोआप मिळत नाही. पायवाट हवी असेल तर ती वेगळी मागून, वेगळे पैसे देऊन करारात लिहून घ्यावी लागते. दुसरी अधिक वाईट. एखादा श्रीमंत तिथलं जुनं घर घेतो, शेताला घरामागचं अंगण करून टाकतो आणि पुन्हा किंमत शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स आणि व्हरमाँट राज्यांत त्यावर उपाय म्हणून करारात कलम असतं: जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला निघाली, तर ती शेतीच्या भावाने घेण्याचा पर्याय करार सांभाळणाऱ्या संस्थेला राहतो. तुमच्या गावच्या मसुद्यात हे कलम नसेल, तर ते घालायला लावा.

काहीच न करणं

यंदाच्या अंदाजपत्रकात हे सर्वांत स्वस्त. ‘घरं झाली की कर वाढेल’ हा हिशेब मात्र अर्धा आहे. शेतजमीन वाचवण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट या संस्थेच्या अनेक गावांच्या अभ्यासांत सरासरी एकच चित्र दिसतं: घरांकडून जेवढा कर येतो त्याहून जास्त शाळा, रस्ते, पाणी यांवर जातो, आणि शेतजमीन मात्र भरते त्याहून बरंच कमी मागते. तरी यावरून घरंच नकोत असं मी म्हणणार नाही. माणसांना राहायला जागा लागतेच. जमीन स्टेशनाजवळ असेल, पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी दारात असेल, तर ती घरांना देऊन पैसे दूरच्या चांगल्या मातीसाठी राखणं शहाणपणाचं.

मग मत कशाला द्यायचं?

खरं तर आधी जमिनीसाठी पैसे साठवून ठेवणाऱ्या निधीला. मॅसॅच्युसेट्समध्ये कर-सवलत घेतलेली शेतजमीन घरांसाठी विकायला निघाली की ती त्याच किमतीला घेण्याचा पहिला हक्क गावाला मिळतो, पण 120 दिवसांपुरता. तेवढ्यात मूल्यांकन, सभा, मतदान आणि पैसे उभे करणं ही सगळी धावपळ असते. म्हणून तिथल्या गावांना 2000 च्या कायद्याने मालमत्ता करावर 3 टक्क्यांपर्यंत अधिभार लावून आधीच पैसे साठवता येतात.

निधी असेल, तर नदीकाठ, टेकडी, रान यांच्या पूर्ण खरेदीला मी हो म्हणेन. पिकाऊ जमिनीसाठी बांधकामाचा हक्क पुरेसा आहे. एकाच तुकड्यावर मैदान आणि शेत दोन्ही दाखवणारा प्रस्ताव आला, तर नकाशावर बांध कुठे आहे ते आधी विचारा. फवारणीच्या दिवशी मुलं कुठून जाणार, मोकळं सुटलेलं कुत्रं मेंढ्यांत शिरलं तर नुकसान कोण भरणार, खंडाची मुदत किती वर्षांची, याची उत्तरं लेखी नसतील, तर मी तो प्रस्ताव पुढच्या सभेपर्यंत थांबवेन.