गेम प्रोग्रामिंगसाठी बी.टेक. की तीन वर्षांची गेमिंग डिग्री?

बारावीनंतर नागपुरातली बरीच पोरं इथेच अडतात. माहितीपत्रकातली चकचकीत चित्रं राहू द्या, आधी अभ्यासक्रमाची प्रत मागा.

प्रवेश: बी.टेक.ला एमएचटी-सीईटी, नागपूरचंच व्हीएनआयटी हवं तर जेईई मेन, वर्षं चार. गेमिंगची डिग्री सहसा तीन वर्षांत उरकते.

खरा फरक शिकवण्यात आहे. बी.टेक. कॉम्प्युटर सायन्समध्ये डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडायच्या पद्धती), ऑपरेटिंग सिस्टिम पक्की होते; गेम मात्र आपला आपणच बनवायचा. गेमिंगच्या कोर्सात गेम इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) लवकर हाती येतं, पण कित्येक ठिकाणी मॉडेलिंग-अ‍ॅनिमेशनचाच भरणा. सी++ किती सेमिस्टर, व्हेक्टर-मॅट्रिक्स आहे का, हे बघाच. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर ६० चित्रं हवी तर एका फ्रेमला जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात. युनिटी या इंजिनात दर फ्रेमला नवे ऑब्जेक्ट बनवत राहिलं की गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) मध्येच कामाला लागतो आणि गेम अडखळतो. प्रोफायलर (वेळ आणि मेमरी कुठे खर्च होते ते दाखवणारं टूल) उघडून हे शोधायला कोण शिकवतं, तेही विचारा.

नोकरीसाठी पुणे, बंगळुरू, हैदराबाद गाठायची तयारी दोन्हीकडे ठेवा.

गणित जमतं, ग्राफिक्समध्ये खोल शिरायचंय किंवा आयटीची वाट मोकळी हवी, त्यांनी बी.टेक. घ्यावं. गेमप्लेच करायचाय आणि पोर्टफोलिओवर नोकरी मागायची हिंमत आहे, त्यांना गेमिंगची डिग्री चालेल. फक्त गणित गाळलेली नको.