सर्व्हर ॲडमिनच्या क्लासला फी भरण्याआधी हे वाचा

बीएससी झाल्यावर लिनक्स सर्व्हर (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे कंपन्यांचे कॉम्प्युटर) सांभाळायला शिकून नोकरी धरायची म्हणून मी बार्शीहून पुण्याला आले. ज्या क्लासने फसवलं त्याचं नाव इथे देत नाही, तक्रार चालू आहे. पण तसल्याच जाहिराती अजून फिरताहेत आणि गावाकडची मुलं चौकशीला जाताहेत, म्हणून हे लिहिते आहे.

'१०० टक्के जॉब गॅरंटी' असा मोठा बोर्ड होता. कोचिंग क्लासनी अशी हमी जाहिरातीत देऊ नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. फी ८५ हजार. 'एकदम कशाला, हप्त्याहप्त्याने भर' असं म्हणत काउन्सेलर मॅडमनी आधार-पॅनचे फोटो घेतले, ओटीपी विचारला. त्या याला 'फी प्लॅन' म्हणायच्या. ते होतं माझ्या नावावरचं कर्ज, एका फायनान्स कंपनीचं. सगळी रक्कम पहिल्याच फटक्यात क्लासला मिळाली. मग आम्ही शिकलो काय, न शिकलो काय, त्यांचं काय अडणार होतं?

लॅबमध्ये सगळ्या मशीनवर सेंटओएस ७ ही लिनक्सची जुनी आवृत्ती होती. तिचे अपडेट ३० जून २०२४ला कायमचे थांबले. आमची बॅच त्यानंतरची. यम या कमांडने कुठलंही पॅकेज (सॉफ्टवेअर) टाकायला गेलं की मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेज कुठून घ्यायचं ते सांगणारा, सर्व्हर सापडत नाही, अशी एरर यायची. सर म्हणायचे, 'नेट स्लो आहे, घरी करून बघा.' घरीही तेच, कारण तो पत्ताच बंद केलेला आहे. जुनी पॅकेजेस आता व्हॉल्ट नावाच्या जुन्या साठ्याच्या सर्व्हरवर असतात, रेपो फाइलमधला (पॅकेज कुठून घ्यायचं ते लिहिलेल्या फाइलमधला) पत्ता बदलावा लागतो. रोज सर्व्हर सांभाळणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसणं शक्य नाही. आम्हाला शिकवणाऱ्याने कधी सर्व्हर सांभाळलाच नव्हता.

दुसरी खूण एसईलिनक्सची, म्हणजे लिनक्समधल्या सुरक्षा व्यवस्थेची. वेब सर्व्हरला ८२ नंबरचा पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचा नंबर दिलेला दरवाजा) दिला की एसईलिनक्स अडवतं, सेवा सुरू होत नाही. त्या पोर्टला परवानगी कशी द्यायची, हाच तर धडा! सरांचं प्रत्येक वेळी एकच उत्तर: 'सेटएन्फोर्स शून्य करा.' म्हणजे सुरक्षाच बंद. खऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असं करणाऱ्याला कोण ठेवेल?

आरएचसीएसए या रेड हॅट कंपनीच्या लिनक्स ॲडमिन परीक्षेसाठी म्हणून 'डंप', म्हणजे पाठ करायचे तयार प्रश्न-उत्तरांचे संच, विकले, त्याचे पैसे वेगळे. या परीक्षेत पर्याय निवडायचे प्रश्न नसतातच. समोर चालू मशीन असतं, त्यावर कामं करून दाखवायची आणि रीबूटनंतरही ती टिकली पाहिजेत. पाठांतराचा तिथे उपयोग शून्य.

नोकरीची गॅरंटी शेवटी कुठे पोचली, तर दोन वर्षांच्या खोट्या अनुभवपत्रावर. मी नाही म्हटलं. ज्यांनी घेतलं त्यांच्यातला एक पडताळणीत अडकला, कारण कंपन्या पीएफची नोंद बघतात आणि त्या कंपनीकडून एक रुपयाही जमा नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच क्लासला कुलूप लागलं. हप्ते मात्र खात्यातून कापले जात राहिले.

यात सापडला असाल तर रागाच्या भरात हप्ता बंद करू नका, सिबिल तुमचंच खराब होतं. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते. क्लासविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जाहिरातीचे फोटो, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, पावत्या, काहीही डिलीट करू नका. माझी तक्रार उभी राहिली ती मॅडमच्या 'गॅरंटी'च्या व्हॉइस मेसेजवर.

आणि अजून कुठे पैसे भरले नसतील, तर आधी लॅबमध्ये बसू द्या म्हणा. मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते बघा, एक पॅकेज टाकून दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर उठून या. सध्या मी जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणारं सॉफ्टवेअर) रॉकी लिनक्स ही लिनक्सची आवृत्ती टाकून शिकते आहे, दोन्ही फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. ८२ नंबरच्या पोर्टवर माझं वेब पेज आता एसईलिनक्स चालू ठेवूनच उघडतं.