टाकी सोपी, निविदा अवघड : न पाहता मराठी टायपिंगचे आठ महिने

नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात पडले. त्यानंतर दर महिन्याचे इतिवृत्त हाताने लिहायचे, ते कोर्ट नाक्यावरील टंकलेखकाकडे द्यायचे आणि चुका दुरुस्त करून घेण्यासाठी पुन्हा दोन फेऱ्या मारायच्या, या क्रमाला कंटाळून मी गेल्या जूनमध्ये इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर, कळांकडे न पाहता मराठी टाइप करायला शिकू लागलो. आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर हे लिहीत आहे.

त्याआधी मी रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी सोय वापरत असे. तिच्यात ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांसाठी दर वेळी यादीतून शब्द निवडावा लागे, आणि ‘दुसऱ्या मजल्यावरील’ लिहिताना ‘ऱ्या’ हमखास बिघडे. इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ला स्वतःची जागा आहे : शिफ्टसह ‘र’ची कळ, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), मग ‘य’. विंडोजमध्ये हा कळफलक आधीपासूनच असतो; सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल करता येते, त्यामुळे खर्च शून्य.

भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली प्रमाणित केलेल्या या मांडणीची रचना समजली की पाठांतर बरेच कमी होते. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’वर शिफ्ट धरला की ‘ख’, ‘त’वर ‘थ’, ‘ग’वर ‘घ’. काना ज्या कळेवर, तिथेच शिफ्टसह ‘आ’. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने टाइप होतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येते आणि ‘वर्गणी’तला रफार ‘ग’च्या आधी. ज्यांचा हात जुन्या टंकयंत्राच्या क्रमावर बसला आहे, त्यांना नेमके हेच जड जाते. माझी पाटी कोरी होती, हा फायदाच म्हणायचा.

परिणामी ‘टाकीची’ हा शब्द टाइप करताना उजवा-डावा, उजवा-डावा असे हात आळीपाळीने चालतात आणि बोटांना ताल सापडतो. संस्थेच्या पत्रव्यवहारात पाण्याच्या टाकीचा विषय कधीच संपत नसल्याने हा सराव मला फुकटात मिळाला. मात्र ‘न’, ‘म’ आणि ‘व’ डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत, हा या मांडणीचा खरा दोष वाटतो. ‘निविदा’ टाइप करून पाहा : न, वेलांटी, व, पुन्हा वेलांटी, या चारही कळा डाव्या तर्जनीच्याच वाट्याला येतात. आठ महिन्यांनीही माझे बोट तिथे अडखळते.

सुरुवातीला मी ठाणे स्टेशनजवळून देवनागरी स्टिकर आणून कळांवर चिकटवले. ती चूक ठरली, कारण अक्षर दिसत आहे म्हटल्यावर मान खालीच राहते. तिसऱ्या आठवड्यात ते खरवडून काढले आणि मांडणीचा कागद पडद्याशेजारी उभा केला. एफ आणि जे या कळांवरील उंचवटे, म्हणजे मराठीत वेलांटी आणि ‘र’, एवढ्या दोनच खुणा बोटांना पुरतात. पहिले दीड-दोन महिने वेग आधीपेक्षाही घटतो, आणि तातडीची सूचना लावायची असली की जुन्या सवयीकडे वळण्याचा मोह होतो. मी दोनदा वळलो. सुरुवातीला मिनिटाला जेमतेम पाच शब्द होत, आता सत्तावीस होतात. सरकारी टंकलेखन परीक्षेतील तीसच्या पातळीला मी अजून पोहोचलेलो नाही, पण सभेतील टिपणांवरून नजर न उचलता इतिवृत्त पूर्ण होते, आणि मला तेवढेच हवे होते.

मधल्या काळात एका क्लासलाही दीड महिना गेलो. तिथे परीक्षेचे ठरावीक उतारे घोटून घेत, बोट चुकीचे पडले तरी कोणी टोकत नसे. घरी सकाळी पंचवीस मिनिटे, सावकाश आणि अचूक, हा सराव अधिक कामी आला.

माउसबद्दल थोडेच. अंकांच्या कळांपलीकडे तो ठेवल्याने माझा खांदा दुखू लागला होता. शब्द निवडण्यासाठी कंट्रोल आणि शिफ्ट धरून बाणाची कळ वापरायला लागल्यापासून हात तिकडे क्वचितच जातो. हिशेबासाठी त्या अंकांच्या कळा मात्र हव्यातच. पाचवरील उंचवट्यावर मधले बोट ठेवले की वर्गणीची नोंदवही न पाहता भरता येते.

पुढील महिन्यात लिफ्टच्या दुरुस्तीची सूचना काढायची आहे. तिच्यात ‘निविदा’ऐवजी ‘दरपत्रके’ मागवावीत, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवला आहे. कारण अर्थातच सांगितलेले नाही.